पावसातल्या गोल्फची तयारी

पाऊस लागला की धुळ्यातल्या साहेबांच्या वस्तीत दारं-खिडक्या लागायच्या आणि आमचे नाना बूट चढवायचे. सर जितकी दाट तितका त्यांचा चेहरा उजळायचा. मागच्या अंगणात दोन खांबांच्या मध्ये त्यांनी एक जुनी गोधडी टांगली होती. भिजून ती जड झाली की नाना तिच्यावर गोल्फचे चेंडू मारायचे. धप्प असा आवाज यायचा, गोधडीतून पाणी उडायचं आणि नाना पुन्हा पाय रोवून उभे राहायचे. शेजारच्या बंगल्यातली माणसं खिडकीत येऊन बघत. "चौधरीसाहेबांनी आज गोधडी बडवायला घेतली वाटतं, काकूंना सुट्टी!" असं कुणीतरी म्हणालेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. नानांनीही ऐकलं असणार. त्यांनी काठी बदलली आणि पुढचा चेंडू मारला.

नाना माझे सख्खे काका. पाटबंधारे खात्यात डेप्युटी इंजिनियर. आमचं घराणं फैजपूरकडचं, केळी आणि कापूस पिकवणारं. माझे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते शेतीवर राहिले. धाकटे नाना पुण्याला शिकून सरकारी नोकरीत गेले. नाना-काकूंना मूल नव्हतं म्हणून त्यांनी मला मागून घेतलं आणि पुण्यात मिशनच्या इंग्रजी शाळेत ठेवलं. मॅट्रिक झाल्यावर मी धुळ्याला त्यांच्याकडे राहायला आले. मी फार बोलत नसे. शाळेत इंग्रजी बोलताना वाटे आपलं काहीतरी चुकतंय, घरी मराठी बोलताना वाटे आपलं काहीतरी चुकतंय. तेव्हा गप्प राहणंच बरं, हे मी लवकर शिकले होते. नानांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना बोलायला समोर फक्त एक ऐकणारं माणूस लागे.

जिल्ह्याचे साहेब लोक थंडीत तंबू घेऊन दौऱ्यावर जात. उन्हाळा तापला की ज्याला जमेल तो डोंगरावर पळे. मुक्कामाला सगळे असत ते पावसाळ्यात. त्यामुळे धुळ्यात गोल्फ रंगायचा तो नेमका चिखलाच्या दिवसांत. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर क्लबाचं मैदान होतं. वरचा भाग बरा, पण खाली नाल्याकडे काळी जमीन. तिथे पाय टाकला की बूट शेर-शेर वजनाचे होऊन वर येत. सभासद नसलेल्या ऑफिसरांनाही या मैदानावर खेळण्याची मुभा होती. क्लबाच्या इमारतीत पाऊल टाकण्याची मात्र नव्हती. खेळ संपला की सभासद वऱ्हांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसत, आणि नाना टांग्यात बसून घरी येत.

नानांना क्लबाचं सभासद व्हायचं होतं. त्यांना दुसरा कसला नाद नव्हता. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, बढतीसाठी कुणाच्या घरी फेऱ्या नाहीत. फक्त त्या वऱ्हांड्यात कुणीतरी "या, चौधरी, बसा" म्हणून खुर्ची पुढे करावी, एवढं हवं होतं.

"कोरड्या दिवशी त्यांना माझी काय गरज?" ते मला समजावून सांगत. "तेव्हा त्यांची त्यांची माणसं खूप असतात. पण बेबी, पाऊस पडला की निम्मे घरी बसतात. कुणाला ताप, कुणाला सर्दी. जोडी अडते. त्या दिवशी जो माणूस तयार उभा असेल, त्याला हाक मारावीच लागेल."

म्हणून त्यांची सगळी तयारी पावसाची. मुंबईहून त्यांनी गोल्फवरचं एक पुस्तक मागवलं होतं. त्यातलं ओल्या हवेतल्या खेळाचं प्रकरण त्यांनी इतकं वाचलं होतं की पुस्तक टेबलावर ठेवलं तरी आपोआप त्याच पानावर उघडे. पण ते पुस्तक विलायतेच्या गवतासाठी लिहिलेलं. त्यात सांगितलं होतं, बुटाच्या तळाला खिळे ठोकून घ्या. नानांनी ठोकून घेतले, आणि आमच्या काळ्या जमिनीने त्या खिळ्यांत एवढी माती धरली की ते मैदानातून पावलं उचलत आले ते उंटासारखे. दुसऱ्या दिवशी काकूंचं उलथनं नाहीसं झालं. नानांनी त्याचा दांडा कापून ते कमरेच्या पट्ट्याला लटकवलं होतं. दर थोड्या वेळाने थांबायचं आणि तळव्याची माती खरवडायची.

"मी काल पिठलं कशाने हलवलं, विचारा," काकू म्हणाल्या.

"कशाने?"

"तुमच्या काठीने हलवायला हवं होतं."

मेणकापडाचा कोट अंगात घातला की हात खांद्यावर जात नसत. नानांनी शिंप्याला घरी बोलावून काखेत जादा कापडाचे चौबगले घालून घेतले आणि कोट घालून त्याच्यासमोर काठी फिरवून दाखवली. बिचारा मशीन सोडून भिंतीला टेकून उभा राहिला. काठ्यांच्या चामडी मुठी पावसात शेवाळल्यासारख्या निसटत, म्हणून त्यांच्यावर जुन्या धोतराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. हातात लोकरीचे मोजे. लोकर भिजली की जास्त धरते, हे पुस्तकात होतं आणि ते खरं निघालं. छत्रीच्या काड्यांना आतून कोरडे पंचे टांगलेले. चष्म्याच्या काचांना साबणाचं बोट. बुटांना लावायची चरबी काकूंनी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, तेव्हा नानांनी मेण आणि जवसाचं तेल एकत्र कढवून स्वतःचं मलम केलं. त्याचा वास पावसाळाभर घरात असे. आजही जवसाचं तेल हुंगलं की मला जेवण जात नाही.

आबा वर्षातून एकदा, चाळीसगावला गाडी बदलून, केळीचा घड घेऊन धुळ्याला येत. अंगावर खादी, डोक्यावर पांढरी टोपी. नानांचा सगळा सरंजाम ओसरीवर वाळत घातलेला बघून ते म्हणाले, "नाना, हे काय मांडलं रे? पेरनीले निघाला का?"

"खेळ आहे, आबा."

"पान्यात चेंडू मारनं हा खेळ? आपल्या केळीच्या मयात ये. चिखल फुकट देतो तुले."

नाना हसले. मग आबांचा आवाज बदलला. "आरे, जग कुठी चाललं ते पाह्य. गोरे जायाले निघाले, अन् तू आत शिराले निघाला!"

नाना बुटाला मेण चोळत राहिले. आबा गावी परतल्यावर नाना मला म्हणाले, "आबांचं बरोबर आहे. पण ते जायच्या आधी एकदा तरी त्यांच्या तोंडून 'बस' म्हणून ऐकायचंय. मग खुशाल जाऊ देत."

एका श्रावणातल्या सकाळी हाक आली. क्लबात दरवर्षी पावसाळ्यात जोड्यांचा सामना होई आणि चांदीचा पेला मिळे. कलेक्टरसाहेबांचा जोडीदार तापाने पडला होता. शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा नाना दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून ते बाहेर आले, निरोप ऐकला, आत गेले आणि उरलेली दाढी अतिशय सावकाश केली. काकूंनी दही हातावर ठेवलं. मी टांग्यात त्यांच्याबरोबर गेले, कारण पंचे आणि मोजे कोरडे ठेवायला कुणीतरी हवं होतं.

तो सामना मी क्लबाच्या कुंपणापाशी टांग्याच्या टपाखाली बसून पाहिला. पाऊस थांबला नाही. बाकीच्या जोड्यांच्या काठ्या हातातून निसटत होत्या; एका साहेबाची काठी चेंडूपेक्षा लांब गेली. नाना मात्र घाई न करता, थांबून, माती खरवडून, हात पुसून खेळत होते. "भिजलेला माणूस घाई करतो," असं ते नेहमी म्हणत, "त्याला वाटतं लवकर संपवलं की कमी भिजू." त्यांनी कलेक्टरसाहेबांना आपली छत्री दिली, लोकरीच्या मोज्यांचा दुसरा जोड दिला, प्रत्येक फटक्याआधी काठीची मूठ पुसून हातात दिली. साहेब उंच, लालबुंद, हसरा माणूस होता. नानांच्या पाठीवर थाप मारताना मी त्याला पाहिलं. पेला त्या दोघांनी जिंकला.

पेला वऱ्हांड्यात दिला गेला. नाना वऱ्हांड्याच्या पायऱ्यांखाली, पावसात, टोपी हातात धरून उभे होते. क्लबात एक लाकडी फळा होता, त्यावर दरवर्षी विजयी जोडीची नावं रंगवत. त्या वर्षी एकच नाव रंगवलं गेलं, कारण फळ्यावर फक्त सभासदांची नावं घालायचा नियम होता. पण कलेक्टरसाहेब पायऱ्या उतरून खाली आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चौधरी, हे बरोबर नाही. मी स्वतः तुमचं नाव सुचवतो."

घरी येताना नाना टांग्यात एकदाही टेकून बसले नाहीत.

नाव सुचवलं की सभासदांचं मत घेत. त्यासाठी एक बंद पेटी असे. तिच्या तोंडातून हात आत घालायचा आणि मुठीतली गोटी उजव्या कप्प्यात टाकायची किंवा डाव्या. बाहेरून कुणाला काही दिसत नसे. उजवीकडे म्हणजे हो, डावीकडे म्हणजे नाही. डावीकडे एक जरी गोटी निघाली तरी माणूस बाद. मत घेतलं त्या संध्याकाळी पाऊस कोसळत होता. नाना ओसरीवर स्वच्छ कपडे घालून बसले होते, कदाचित लगेच बोलावतील म्हणून. शिपाई आला आणि दारातूनच म्हणाला, "साहेब, एक डावीकडे निघाली."

"एकच?" नानांनी विचारलं.

"एकच."

"एकच," नाना काकूंकडे वळून म्हणाले, जणू ती चांगली बातमी होती. काकू आत गेल्या आणि भांडी जोरात घासू लागल्या.

पुढच्या आठवड्यात कलेक्टरसाहेबांच्या मडमेने मला चहाला बोलावलं. चौधरींच्या पुतणीला चांगलं इंग्रजी येतं, असं तिच्या कानावर गेलं होतं. मी गेले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि "होय" आणि "आभारी आहे" यांपलीकडे काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिथे जमलेल्या साहेबांच्या बायका मला विसरल्या. पोलीस सुपरिंटेंडंटच्या बायकोने विचारलं की बिचाऱ्या चौधरीच्या पेटीत कुणी बरं घोळ केला. मडम हसून म्हणाली, "अगं, माझ्याच नवऱ्याने. नाव सुचवायला तर हवंच होतं, चौधरीने पेला जिंकून दिला. पण उद्या तो बायकोला घेऊन येईल, मग तिचे भाऊ येतील, नाही का? पेटीने नाही म्हटलेलं बरं. कुणाचं मन दुखावत नाही." मग तिने मला आणखी एक बिस्किट दिलं.

नानांनी मला इंग्रजी शिकवलं होतं ते अशा बायकांमध्ये मान वर करून बसता यावं म्हणून. ते बिस्किट मी खाल्लं. बशीत परत ठेवणं वाईट दिसलं असतं.

घरी आल्यावर मी काकूंना काही सांगितलं नाही, नानांना मात्र सांगितलं. त्यांना अंधारात ठेवणं मला त्या बायकांच्या बाजूला बसण्यासारखं वाटलं. ते बुटाची माती काढत होते. मी मडमेचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी उलथनं खाली ठेवलं.

"त्या संध्याकाळी पाऊस किती होता, आठवतं?" ते म्हणाले.

"हो."

"साहेब बंगल्यावरून चालत आले असतील. हात ओला असणार. ओल्या हातात गोटी राहत नाही, बेबी. उजवीकडे टाकायला जावं आणि डावीकडे घसरावी. असं होतं. मडमेला काय माहीत? ती काय पेटीत बसली होती?"

ते थट्टा करत नव्हते.

"नाना, त्यांनी स्वतः सांगितलंय तिला."

"लाज वाटली असेल घसरली म्हणून सांगायला. पुरुषमाणूस आहे." त्यांनी उलथनं परत उचललं. "मोजे द्यायला हवे होते मी. मत द्यायच्या आधी."

पुढच्या पावसाळ्यात क्लबाच्या प्रत्येक छत्रीत आतून पंचे लटकत होते. मुठींवर पट्ट्या आल्या, कमरेच्या पट्ट्याला माती खरवडायचं उलथनं आलं. एका साहेबाने तर ते पितळेचं करून घेतलं. नानांचा शिंपी क्लबाचा शिंपी झाला. आणि एका सकाळी कलेक्टरसाहेबांचा बटलर बुटांचा जोड घेऊन आमच्या ओसरीवर आला. साहेबांनी सलाम सांगितला होता आणि विचारलं होतं की चौधरीसाहेब ते त्यांचं मेण लावून देतील का.

"ठेव," नाना म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या. बटलर फाटकाबाहेर जाईपर्यंत त्या थांबल्या. "लावा, मेण लावा," त्या म्हणाल्या. "चांगलं चोळून लावा. उद्या पाय पाठवतील, तेही चेपा."

"तुला खेळातलं कळत नाही."

"खेळातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं."

नानांनी ते बूट दोनदा मेणवले. शिवणीत बोटाने मलम भरलं, उन्हाची तिरीप आली तेव्हा ओसरीच्या कडेला ठेवले आणि संध्याकाळी स्वतः नेऊन दिले. बंगल्याच्या मागच्या दाराने. मी त्या दिवशी खोलीतून बाहेर आले नाही. मला त्यांचा राग आला होता आणि तो राग झेलण्याइतकीही ताकद मला त्यांच्यात दिसत नव्हती.

वर्ष संपायच्या आत कलेक्टरसाहेबांची बदली झाली. पुढे युद्ध आलं, साहेब बदलत गेले, पावसात खेळणारे कमी झाले. नाना दर पावसाळ्यात तयार राहिले. हाक पुन्हा आली नाही. ते निवृत्त झाले तेव्हा आबांनी सांगून पाठवलं, गावी ये, मळ्यात घर बांधू. नाना धुळ्यातच राहिले. क्लबाच्या मैदानापासून जवळ एक लहान घर भाड्याने घेतलं.

स्वातंत्र्य आलं त्याच पावसाळ्यात क्लबाचा निरोप आला. नवा कलेक्टर आपल्यातलाच, तरुण, मोकळा माणूस होता. जुन्या सगळ्या ऑफिसरांना सभासद करून घेतलं होतं. पेटी नाही, मत नाही, काही नाही. नाना त्या दिवशी पूर्ण सजून निघाले. कोट, मोजे, छत्री, बूट. वय झालं होतं, म्हणून मी बरोबर गेले. पाऊस बारीक पण सारखा लागला होता.

मैदानाचं गवत लिलावात दिलं होतं. खालच्या काळ्या भागात म्हशी चरत होत्या. चेंडू घालवायचे गल बुजून गेले होते, निशाणाची एकही काठी उभी नव्हती. क्लबाच्या वऱ्हांड्यात मात्र गर्दी होती. मामलेदार, वकील, शाळा-तपासनीस, दोन डॉक्टर. टेबलं मांडून सगळे पत्ते खेळत होते आणि आतून भज्यांचा वास येत होता.

नाना माळावर चढले. चेंडू ठेवला, मूठ पुसली, पाय रोवले आणि मारला. चेंडू चांगला गेला. म्हशींच्या पलीकडे कुठेतरी पडला. मग ते तिथेच उभे राहिले. कुणाची तरी पाळी असल्यासारखे, बाजूला सरून.

वऱ्हांड्यातून एका वकिलाने ओरडून हाक मारली, "ओ नानासाहेब! भिजताय कशाला? आत या! खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी!"

"या, या!" आणखी दोघं-तिघं उठले. एकाने खरोखरच खुर्ची पुसून पुढे सरकवली. त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती. मला ते सगळे फार चांगले वाटले.

नानांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

"चल बेबी," ते म्हणाले. "घरी जाऊ."

"बोलावतायत ना, नाना. बसा घटकाभर."

"हे काय," ते म्हणाले, "हे कोणालेबी बोलावतीन." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली. ते माळ उतरू लागले. वऱ्हांड्यातले लोक थोडा वेळ उभे राहिले, मग बसले. पुसलेली खुर्ची कुणीतरी आपल्याकडे ओढून घेतली.

त्यानंतर ते क्लबात गेले नाहीत. त्या थंडीत छाती भरून आली आणि चार दिवसांत गेले. क्लबाचे झाडून सगळे सभासद स्मशानात आले होते. काहींनी खांदा दिला.

दहाव्यानंतर आबा ओसरीवर बसले होते. भावाची चेष्टा कधी न सोडणारा माणूस, पण त्या दिवशी आवाजात चेष्टा नव्हती. ते मला म्हणाले, "पोरी, एक सांग. जल्मभर त्या क्लबापायी झुरला. मंग खुर्ची मांडून बोलावत व्हते, तं गेला काहून नाही?"

ज्या साहेबाने बोलवायला हवं होतं तो केव्हाच बदली होऊन, बोटीत बसून आपल्या देशात गेला होता. जाताना तो नानांचा निरोप घ्यायलाही थांबला नव्हता.